एकदाही नापास न झालेली जीप

१

श्याम गावंडेची काळी-पिवळी जीप सेमाडोहच्या घाटात कठड्यावर आदळली, तेव्हा जीपचं वय बारा वर्षं होतं आणि श्यामची मालकी नऊ दिवसांची. आत अकरा माणसं होती. सात जखमी झाली आणि पार्बताबाई नावाच्या म्हातारीचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ब्रेक लागले नाहीत, एवढं सगळेच सांगत होते. का लागले नाहीत, याचं उत्तर परतवाड्याच्या ठाणेदाराने दोन दिवसांत काढलं होतं आणि ते ऐकून अपेक्षा तायडेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

अपेक्षा अमरावतीची. अपघात झालेल्या गाड्या विमा कंपन्यांसाठी तपासायच्या आणि कारण लिहून द्यायचं, हे तिचं काम. अकरा वर्षं ती हेच करत होती आणि अकरा वर्षं लोक तिला चुकीचेच प्रश्न विचारत होते.

"मॅडम, यात अवघड काय आहे?" ठाणेदार टेबलावर बोट आपटत म्हणाले. "मे महिन्यात अकोल्याला मशीनवर या जीपची फिटनेस तपासणी झाली. ब्रेक एक नंबर. आता सप्टेंबर आहे. आणि हे बघा मागच्या चाकांचे ड्रम."

ड्रम म्हणजे चाकाच्या आतला लोखंडी डबा. त्याच्या आतल्या भिंतीवर लायनर घासतो आणि चाक थांबतं. टेबलाशेजारी ठेवलेल्या दोन्ही ड्रमांना आतून अशी चरी पडली होती की तिच्यात नख बसावं. नवे लायनर असले तरी अशा ड्रमावर ते धड टेकतच नाहीत.

"चार महिन्यांत ड्रम एवढा झिजतो का?" ठाणेदारांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं. आदल्या दिवशी जीप कोणाच्या गॅरेजात होती? संघपालच्या. मागची दोन्ही चाकं कोणी उघडली? संघपालनं. चांगले ड्रम काढून ठेवले, भंगारातले बसवले. दोन आणि दोन चार. सोमवारी तुमचा रिपोर्ट आला की त्याला आत घेतो." मग ते जरा पुढे वाकले. "आणि तायडे मॅडम, संघपाल तुमच्यातला आहे म्हणून..."

"हे वाक्य पुरं करू नका, साहेब. मी ड्रमाची जात तपासते, माणसाची नाही."

ती उठली. बाहेर भादव्याचं ऊन रणरणत होतं. शुक्रवारची दुपार होती, हाती दोन दिवस होते. ठाणेदारांच्या बेरजेत कुठेतरी चूक आहे असं तिला वाटत होतं, पण ती सापडत नव्हती.

२

श्याम अमरावतीच्या दवाखान्यात पडून होता. गळ्याजवळचं हाड मोडलेलं, डावा पाय प्लास्टरमध्ये. पण उशीखालून त्याने पहिली वस्तू काढली ती फाईल.

"पाहा मॅडम. चार वर्षं. एकबी वेळा नापास नाई."

अपेक्षाने फाईल हातात घेतली आणि तिला आधी राग आला, मग श्यामची कीव आली आणि मग पुन्हा राग आला. आठ वर्षांवरच्या भाड्याच्या गाडीची दरवर्षी तपासणी होते. फाईलमध्ये चार वर्षांचे चार निकाल होते. दिवे पास, हँडब्रेक पास, स्टिअरिंग पास, धूर पास. चार वर्षांत एकही शेरा नाही. मुलीची पत्रिका पाहावी तशी लोक ही फाईल पाहतात. छत्तीस गुण जुळले की लग्न लावून मोकळे.

"घाटात चालणारी बारा वर्षांची गाडी," ती म्हणाली, "आणि चार वर्षांत साधा हेडलाइटसुद्धा वाकडा निघाला नाही. तुला संशय नाही आला?"

"संशय कायचा? अकोल्याले पियुषभाऊनं मले दोन गाड्या दाखवल्या. दुसरी दोनदा नापास झालेली होती. एकदा हँडब्रेक, एकदा स्टिअरिंग. आता नापास गाडी कोन घेते, सांगा बरं?"

"तीच घ्यायची होती."

श्याम तिच्याकडे वेड्याकडे पाहावं तसा पाहू लागला.

"अरे, नापास झाली म्हणजे कोणीतरी खरोखर पाहिली. पंधरा दिवसांनी पास झाली म्हणजे मालकाने दुरुस्त केली. तपासणीचा कागद वाचायचा तो खोट कुठे निघाली आणि पुढच्या वर्षी तिचं काय झालं, यासाठी. जिच्यात काहीच निघत नाही, ती गाडी देव्हाऱ्यात तरी असते, नाहीतर..." तिने वाक्य सोडून दिलं. हे ती अकरा वर्षं सांगत होती. तिच्या सख्ख्या काकानेही ऐकलं नव्हतं.

"संघपालने ड्रमाबद्दल तुला काही सांगितलं होतं?"

श्यामने सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. थेंब मोजत असल्यासारखा पाहत राहिला.

"नाई," तो म्हणाला. "आयटीआयले आमी एका बाकावर होतो, मॅडम. त्यानं असं करावं?"

अपेक्षाने फाईल तपासासाठी मागून घेतली. बाहेरच्या बाकावर बसून तिने मागच्या चाकांच्या ब्रेकची ओढ दाखवणारे आकडे एकाखाली एक लिहिले. पहिल्या वर्षी उजवं चाक २१२, डावं १७१. मग २०८ आणि १६८. मग २०५, १६५. यंदा २०३, १६२. डावं चाक दरवर्षी उजव्यापेक्षा चाळीस-एकेचाळीसने कमी धरत होतं. पास होण्याइतकं धरत होतं म्हणून कोणी बोललं नव्हतं, पण जीप लंगडत होती. चारही वर्षं, त्याच पायाने.

३

परतवाड्यात संघपालच्या गॅरेजला पोलिसांनी सील ठोकलं होतं आणि तो त्याच दारासमोर स्टूल टाकून बसला होता. बायको दीपमाला शेजारच्या घरातून आतबाहेर करत होती. गेल्या चार दिवसांत एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं. समोरचा पानठेलेवालासुद्धा मान वळवून घेत होता.

"म्या त्याले हात जोडले, मॅडम," संघपाल म्हणाला. "म्हटलं, श्याम्या, लायनर नवे टाकून काई होत नाई, ड्रम गेले हायेत. दोन दिवस थांब, अमरावतीहून आणतो. तसाच घाटात जाऊ नको. तर त्यानं मले फाईल दाखवली. म्हणे, मशीनपेक्षा तू हुशार झाला काय?"

"कोणी ऐकलं?"

"कोन ऐकन? दोघंच होतो."

"दीपमाला?"

"मी बाजारात गेलती," ती दारातून म्हणाली. "आता वाटते, कायले गेली."

अपेक्षाचा संताप झाला. सगळी दुनिया मोबाईलवर चहाचे फोटो काढते आणि जे बोलणं नोंदवायला हवं ते नेमकं दोघांतच होतं. "तू श्यामकडून लिहून का नाही घेतलंस? ड्रम खराब, मालकाने नकार दिला, सही. दोन ओळी."

"दोस्ताकून लिहून घेता येते काय?" त्याने साधेपणाने विचारलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तिच्या मनात आलं, पण चोर कुठे होता? तिने त्याला स्पष्टच सांगितलं, "हे बघ, मे महिन्यातला निकाल खरा असेल तर तू खोटा आहेस. दोन्ही खरं असू शकत नाही."

"मंग निकाल खोटा हाय."

"मशीनचा आहे तो."

"असन मशीनचा. म्या ड्रम पाह्यले ना डोयानं. चार वर्षं जुनी चरी हाय थे." त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. "पोलीस काय करतीन थे करतीन. पन श्याम्यानं पोलिसात सांगतलं, संघपाल काईच बोलला नाई. मॅडम, थे मले झोपू देत नाई."

४

शनिवारी सकाळी अपेक्षा अकोल्याला गेली. सरळ संशय पियुषवर जात होता. जुन्या गाड्यांचा दलाल अकोल्याचा, तपासणी केंद्र अकोल्याचं. परतवाड्याहून अमरावती जवळ असताना जीप दरवर्षी अकोल्याला कशाला गेली? पैसे चारून निकाल काढले असणार. अख्ख्या वऱ्हाडातल्या कोणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं.

पियुषही वैतागलेलाच होता. "ताई, जीप माझ्याकडे अठरा दिवस उभी होती. मी पुसली, सीटकव्हर बदलले, विकली. तपासण्या सगळ्या कुलदीपने केलेल्या. परतवाड्याचा कुलदीप, आधीचा मालक. फाईल त्यानेच दिली. लोकांना कागद पाहिजे, मी कागद दाखवतो. बोनेट उघडून पाहा म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणते, काय गरज आहे, फाईल चांगली आहे ना."

दुर्दैवाने हे अगदी खरं होतं.

तपासणी केंद्रातले व्यवस्थापक सज्जन होते आणि कामाच्या ओझ्याने वाकलेले होते. तिने आकडे पुढे ठेवले. त्यांनी संगणकातली मूळ नोंद उघडून दाखवली. चाकं रोलरवर फिरतात, मशीन ओढ मोजते, आकडा आपोआप उमटतो. मध्ये माणसाचा हात नाही.

आणि अपेक्षाला ते पटलंही. पैसे खाऊन आकडे लिहिणारा माणूस दोन्ही चाकांना सारखेच, गुळगुळीत आकडे देईल. डाव्या चाकाचं चार वर्षांचं लंगडणं कोण कशाला रचेल? दरवर्षी दोन-चारने कमी होणारी झीज कोण हिशेबात धरेल? हे आकडे खऱ्याखुऱ्या जीपचे होते. म्हणजे निकाल खरा. म्हणजे संघपाल खोटा.

तिला स्वतःचाच राग आला. जिथून निघालो तिथेच येऊन पोचलो.

"गाडी तीच आहे हे तुम्ही कशावरून ठरवता?" तिने जाता जाता विचारलं.

"नंबरप्लेट. आणि चेसीस नंबरचा ठसा." त्यांनी अर्ज दाखवला. चेसीसवर कोरलेल्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासलेली आणि तो कागद अर्जाला चिकटवलेला.

"हा ठसा तुमचा माणूस घेतो?"

"नियमाने घ्यायला हवा. पण रोज ऐंशी गाड्या असतात, ताई. गाडीवालेच घरून चिकटवून आणतात."

अपेक्षाने डोळे मिटले. लाखांचं मशीन आणि पुढे घरून आणलेला पेन्सिलचा ठसा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

"फोटो काढता?"

"समोरून एक. गाडी लेनमध्ये आली की."

यंदाच्या फोटोत जीप होती, काळी-पिवळी, नंबरही बरोबर. काचेवर उन्हाची तिरीप होती, त्यामुळे चालकाचा चेहरा दिसत नव्हता. स्टिअरिंगवरचा एक हात तेवढा दिसत होता. मनगटात हिरव्या बांगड्या.

"तुमच्याकडे बाई चालक आहे?"

"नाही. आणणारा माणूसच लेनपर्यंत चालवतो."

५

कुलदीपने अपेक्षाला परतवाड्याच्या जीप स्टँडवर चहा पाजला. चाळिशीचा, स्वच्छ कपड्यांचा, हसरा माणूस. आता त्याच्याकडे नवी जीप होती.

"थे गाडी म्हणजे लक्ष्मी होती, मॅडम. तिच्यावर पोटं भरली आमची. श्यामनं नवव्या दिवशी तिचं वाटोळं केलं, का संघपालनं केलं, थे तुमी पाहा."

"तपासणीला अकोल्यालाच का?"

"अमरावतीले गर्दी लय. अकोल्याले पटकन होते."

"कोण न्यायचं?"

"मीच. माही गाडी मी दुसऱ्याच्या हाती देत नाई कधी."

बांगड्यांचा विषय तिने काढला नाही. चहा संपवला आणि स्टँडच्या टपरीत बसलेल्या देवरावांकडे गेली. देवराव काळमेघ म्हणजे स्टँडचे कारभारी. कोणाची जीप कितव्या नंबरला लागणार, किती वाजता सुटली, किती वाजता परतली, हे सगळं ते एका लांब वहीत लिहायचे. स्टँडचा कायदा कडक. ज्याची जीप ज्या दिवशी आली नाही त्याचा खाडा, आणि खाडा पडला की आठ दिवस शेवटचा नंबर. मग लग्न असो की मयत.

"पासिंगला गाडी गेली तरी खाडा?" तिने विचारलं.

"तरीबी खाडा. नियम म्हणजे नियम. नाईतर एकेकजन रोज पासिंगले जाईन."

"कुलदीपचे किती खाडे पडले?"

देवरावांचा चेहरा खुलला. "कुलदीप? त्याच्यासारखा मानूस नाई पाह्यला. चार वर्षांत एक खाडा नाई. पोट्ट्याइले मी त्याचंच उदाहरन देतो."

अपेक्षा खुर्चीत सरळ झाली. "चार वर्षांत एकही नाही?"

"वही खोटं बोलन काय?"

"यंदाच्या मे महिन्यातली तेरा तारीख काढा."

देवरावांनी थुंकी लावून पानं उलटली आणि बोट ठेवलं. तीन नंबर, कुलदीप. सकाळी सात चाळीसला सेमाडोहला सुटली. सव्वाअकराला परत. बाराला दुसरी फेरी.

अपेक्षाने केंद्रातून फोनवर घेतलेला फोटो मोठा केला. खाली केंद्राची वेळ उमटली होती. तेरा मे, सकाळी अकरा वाजून बत्तीस मिनिटं, अकोला.

मग तिने उरलेल्या तीन वर्षांच्या तारखा विचारल्या. नऊ मे. चौदा मे. अकरा मे. प्रत्येक तारखेला तीच जीप अकोल्याच्या मशीनवर होती आणि प्रत्येक तारखेला तीच जीप घाट चढत होती, चालक कुलदीप. नंबर जाऊ नये म्हणून त्या माणसाने तपासणीच्या दिवशीसुद्धा जीप धंद्यावर ठेवली होती. मे महिना म्हणजे घाटात पर्यटकांची रांग, तेव्हा आठ दिवस शेवटी कोण उभं राहील? खाड्याच्या धास्तीने त्याने स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा दरवर्षी देवरावांकडून लिहून घेतला होता.

आता डाव्या चाकाच्या लंगडण्याचा अर्थ लागला. आकडे खऱ्या जीपचे होतेच, फक्त ती जीप दुसरी होती. आणि ती घाटातली नव्हतीच. घाटातल्या जीपचे ब्रेक वर्षात दोनदा लायनर खातात. त्यांचे आकडे खाली जातात, वर येतात. हिचे वर्षाला दोन-चारने उतरत होते, सपाटीवरच्या गाडीसारखे. हे तिला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"कुलदीपच्या जीपसारखीच दुसरी जीप कोणाकडे आहे? त्याच सालाची?"

"त्याच्या सासऱ्याकडं. पुंजाराम ताथोड, हिवरखेडचे. लग्नात त्याइनं दोन जीपा एकाच दिवशी घेतल्या. एक सोताले ठेवली, एक जवायाले आंदन देल्ली." देवरावांनी वही मिटली आणि मग त्यांच्याही डोक्यात काहीतरी सरकलं असावं. "मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "हिवरखेड अकोला जिल्ह्यात येते."

६

पुंजाराम ताथोडांची जीप अंगणात कडुलिंबाखाली उभी होती. हिवरखेड ते अकोट सपाट रस्ता आणि तोही बाजाराच्या दिवशीच, म्हणून बारा वर्षांची असूनही जीप तरुण दिसत होती. त्यांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी ताक दिलं. रविवार असल्यामुळे लेक शालू, कुलदीपची बायको, माहेरी आली होती. ती तांदूळ निवडत ओसरीवर बसली.

अपेक्षाने जीपचे कागद मागितले. पुंजारामांनी कौतुकाने आणून दिले. त्यांची स्वतःची तपासणी दर डिसेंबरात होत असे, त्याच केंद्रावर. मागचं उजवं चाक २०४, डावं १६३. त्याच्या आधीच्या वर्षी २०६ आणि १६६. तिने कुलदीपच्या जीपचे मे महिन्यातले आकडे शेजारी मांडले. मे, डिसेंबर, मे, डिसेंबर. एकाच जिन्याच्या पायऱ्यांसारखे आकडे खाली उतरत होते.

"बाबा, मे महिन्यात ही जीप कोणी नेते का?"

"कोन नेईन? लेक येते उन्हाळ्यात, थे नेते एक दिवस. धुऊन, आइल बदलून आनते. जवायानं सांगून ठेवलं हाय, बाबाची गाडी दरसाल चकाचक झाली पायजे म्हणून." त्यांनी मान डोलावली. "असा जवाई नशिबानं भेटते, बाई."

सुपातल्या तांदळाचा आवाज थांबला होता. शालूच्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. पण हिरव्या बांगड्या अर्ध्या गावाच्या हातात असतात, त्याने काही सिद्ध होत नव्हतं. अपेक्षाने फोन ओसरीवर ठेवला आणि फक्त एवढंच म्हणाली, "शालूताई, तेरा मे, साडेअकरा. कुलदीप त्या वेळी घाटातून परतून स्टँडवर उभा होता, देवरावांच्या वहीत आहे. मग अकोल्यात ही जीप कोणी चालवली?"

"काय बोलून राहिल्या तुमी?" पुंजाराम उठले. "माही गाडी अन्‌ तिची कायची तपासनी?"

"बसा बाबा," शालू म्हणाली.

तिने सूप बाजूला ठेवलं. "मीच नेली. चारी साल. त्याइच्या गाडीची नंबरप्लेट थैलीत आनत होती. गावाबाहेर लावत होती, येतानी काढत होती. पेन्सिलचे ठसे त्याइनं एकाच दिवशी दहा-बारा काढून ठेवले होते. मले म्हणे, आपली गाडी मशीनवर पास होत नाई अन्‌ खाडा पाडता येत नाई. कागदच तर हाय." ती बापाकडे पाहत नव्हती. "गाडी इकली तवा मी म्हटलं, घेनाऱ्याले सांगा ड्रम खराब हाय म्हणून. हो म्हणले. नाई सांगतलं."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. जावयाचं कौतुक अजून पुंजारामांच्या तोंडात होतं आणि आता ते गिळताही येत नव्हतं. अपेक्षाला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि कुलदीपची इतकी चीड आली की ताकाचा पेला तिने आदळलाच. स्वतः घाटात फेऱ्या मारत राहिला आणि बायकोला सासऱ्याची गाडी घेऊन पाठवलं.

"माझा रिपोर्ट उद्या जाईल," ती म्हणाली. "आकडे आणि देवरावांची वही पुरेशी आहे. पण तुम्ही स्वतः बोललात तर संघपाल उद्याच संशयातून सुटेल. नाहीतर चौकशीत महिने जातील आणि तोवर त्याला आत बसावं लागेल. तुमच्यावरही गुन्हा लागेल, हे लपवत नाही."

अंगणातल्या जीपवर कडुलिंबाचा पाला पडत होता.

"त्या म्हातारीचा पाय कोन्ता गेला?" शालूने विचारलं.

"उजवा."

शालूने उठून आत जाऊन चपला घातल्या. पुंजाराम तिच्याकडे पाहत राहिले, मग खुंटीवरची टोपी घेतली. "मी येतो संग," ते म्हणाले. "गाडी माही होती."

७

सोमवारी दुपारपर्यंत कुलदीपला उचललं होतं. ठाणेदारांनी अपेक्षाचा रिपोर्ट दोनदा वाचला आणि दोन आणि दोन चारबद्दल काही बोलले नाहीत. गॅरेजचं सील काढायला हवालदार गेला.

अमरावतीला परतल्यावर अपेक्षा दवाखान्यात डोकावली. श्यामच्या जबाबाची आता गरज नव्हती. त्याला फाईलच्या मूळ प्रती परत द्यायच्या होत्या, एवढंच. काय घडलं ते तिने थोडक्यात सांगितलं, फाईल खाटेवर ठेवली आणि वळली.

"मॅडम."

श्याम छताकडे पाहत होता. "त्यानं सांगतलं होतं मले. हात जोडून सांगतलं. दोन दिवस थांब म्हणे. मी त्याच्या तोंडावर फाईल मारली." त्याने खाटेवरची फाईल दूर सारली. "पोलिसाइनं इचारलं तवा वाटलं, हो म्हटलं तर म्हातारीचा पाय माह्या बोकांडी येते. म्हणून मी नाई म्हटलं."

अपेक्षाला त्याला झोडपून काढावंसं वाटलं. चार दिवसांपूर्वी हे बोलला असता तर तिची वणवण वाचली असती आणि एका माणसाची चार दिवसांची झोपही. पण तो रडत होता, आणि रडणाऱ्या प्लास्टरमधल्या माणसाला काय बोलणार? "हे पोलिसांना सांगशील?"

"आजच बोलवा त्याइले."

संध्याकाळी ती पुन्हा परतवाड्याला पोचली तेव्हा गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि संघपाल पान्हे एकेक करून पुसत होता. पानठेलेवाला पलीकडून हात हलवत होता. संघपालने तिकडे पाहिलं नाही. कुलदीपचं त्याने ऐकलं होतं. शालूचं, वहीचं, लंगड्या चाकाचं सगळं गावभर झालं होतं. तो काही आनंदलेला दिसेना.

"श्यामने जबाब बदलला," अपेक्षा म्हणाली. "तू सांगितलं होतंस, असं त्याने लिहून दिलं."

पान्हा पुसणारा हात थांबला. "तुमी त्याच्याकून काढून घेतलं का त्यानं सोताहून सांगतलं?"

"स्वतःहून. मी निघाले होते. मला गरजही नव्हती."

संघपालने पान्हा जागेवर ठेवला. नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, मग ओल्याच हाताने तोंड पुसलं. दीपमाला दारात आली होती. तिने खुंटीवरचा धुतलेला शर्ट काढून त्याच्या हातात दिला.

"अमरावतीले चालल्या काय, मॅडम?"

"हो."

"मले सोडा दवाखान्यात. त्याले शिवी द्यायची हाय," तो शर्टाची बटणं लावत म्हणाला. "समोर बसून द्यायची हाय. मंग डबाबी द्यायचा हाय, तिथलं जेवन त्याले जाणार नाई."

दीपमाला डबा भरायला आत वळली. अपेक्षाने पुढच्या सीटवरची आपल्या रिपोर्टची फाईल उचलून मागे टाकली आणि त्याच्यासाठी दार उघडलं.